यलोस्टोनच्या शरदातील पेच

ऑक्टोबर उजाडला की अमेरिकेतील माँटाना राज्यात यलोस्टोन नदीकाठची झाडे पिवळी पडू लागतात, उन्हाळी पर्यटकांची गर्दी ओसरते आणि लिव्हिंग्स्टन गावाच्या वरच्या खोऱ्यात कमरेइतक्या गार पाण्यात उभे राहून गळ टाकणारे हौशी मासेमार दिसू लागतात. पिसे आणि दोरा गुंडाळून बनवलेली कृत्रिम माशी दोरीच्या झोकाने अलगद पाण्यावर उतरवायची आणि ट्राउट माशाला फसवायचे, असा हा ‘फ्लाय फिशिंग’चा खेळ. पकडलेला मासा बहुधा पुन्हा पाण्यात सोडला जातो. म्हणजे कोणाचेच नुकसान नाही, असे वरकरणी वाटते. प्रत्यक्षात या खेळाचा हंगामच आता अडचणीत सापडला आहे.

याची जाणीव सर्वांना झाली ती २०१६ च्या ऑगस्टमध्ये. पाण्यावर मेलेले मासे तरंगू लागले. ते मुख्यतः ट्राउटच्याच कुळातले ‘माउंटन व्हाइटफिश’ होते. मूत्रपिंडावर हल्ला करणारा एक सूक्ष्म परजीवी हे त्याचे कारण निघाले. घटलेला प्रवाह आणि तापलेले पाणी यांनी रोगाला बळ दिले होते. १९ ऑगस्ट रोजी राज्याच्या मत्स्य व वन्यजीव विभागाने नदीचा १८३ मैलांचा, म्हणजे सुमारे २९५ किलोमीटरचा पट्टा उपनद्यांसह बंद केला. केवळ मासेमारीच नव्हे, नौकाविहार आणि पोहणेही बंद. वाटाडे, खाणावळी, निवासगृहे यांचा ऐन हंगामातला धंदा एका दिवसात थांबला. सप्टेंबरात नदी टप्प्याटप्प्याने खुली झाली.

उन्हाळ्यासाठी माँटानाने एक नियम आखलेला आहे. पाण्याचे तापमान सलग तीन दिवस २३ अंश सेल्सिअसच्या आसपास गेले, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारीला बंदी घालता येते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि गळाशी झुंजून थकलेला ट्राउट सोडून दिला तरी दगावण्याचा धोका असतो. साहजिकच उन्हाळा बेभरवशाचा झाला, की गळ टाकणाऱ्यांची नजर शरदाकडे वळते. पाणी गार, आभाळ झाकोळलेले आणि सोडलेला मासा जगण्याची शक्यता अधिक.

पेच नेमका इथेच आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा ब्राउन ट्राउटचा विणीचा काळ. मादी शेपटीने तळाची खडी उकरते, त्या खळग्यात अंडी घालते आणि ती खडीनेच झाकते. पिल्ले बाहेर पडायला वसंत ऋतू यावा लागतो. उथळ पाण्यात स्वच्छ, फिकट दिसणाऱ्या या खडीवर कोणा अनभिज्ञाचा बूट पडला, तर अंडी चिरडतात. शिवाय या दिवसांत नर आक्रमक असतो, जवळ येणाऱ्या कशावरही झडप घालतो. मोठा मासा याच काळात गळाला लागतो, तो यामुळेच.

या नदीचा अभिमान हीच तिची दुर्बलताही आहे. पॅरेडाइज व्हॅलीच्या तोंडाशी मोठे धरण बांधण्याचा प्रस्ताव १९७० च्या दशकात लोकांनी हाणून पाडला. सुमारे ११०० किलोमीटर लांबीच्या या नदीवर मोठे जलाशय नाहीत. परंतु त्यामुळेच जलाशयाच्या तळाचे थंड पाणी सोडून नदी गार करण्याची सोयही नाही. बिगहॉर्न नदीला ती आहे. दुसरे म्हणजे, पैदास केंद्रातील मासे सोडल्याने रानटी ट्राउटची संख्या घटते, असे मॅडिसन नदीवरील अभ्यासात आढळले आणि १९७४ पासून माँटानाने आपल्या नद्यांत असे मासे सोडणे थांबवले. हा निर्णय दूरदृष्टीचा होता यात शंका नाही. मात्र एखादी पिढी हातची गेली, तर ती कारखान्यातून भरून काढता येत नाही.

ज्याच्यासाठी ही चिंता, तो ब्राउन ट्राउट मुळात युरोपातला. इथला खरा भूमिपुत्र कटथ्रोट, आणि त्याची वीण शरदात नव्हे, वसंत ते उन्हाळ्याच्या सुरुवातीस होते. परक्याची एवढी काळजी कशाला, हा आक्षेप अगदीच फोल नाही. परंतु दीडशे वर्षांच्या आत याच परक्यावर खोऱ्याचे अर्थकारण उभे राहिले. त्याच माशाची संख्या माँटानाच्या नैर्ऋत्येकडील अनेक नद्यांत घटल्याचे २०२१ मध्ये राज्याच्या विभागानेच मान्य केले.

संपूर्ण नदी बंद करणे हा उपाय आततायी ठरेल. वाटाड्यांचे उरलेसुरले उत्पन्नही बुडेल. विणीच्या उथळ जागा खुणा करून तेवढ्याच काही आठवडे राखणे अधिक व्यवहार्य. मात्र उन्हाळ्यात शेतीसाठी उपनद्यांतून उचलल्या जाणाऱ्या पाण्याचा विषय सोडून सारा बोजा गळ टाकणाऱ्यांवरच टाकणे न्यायाचे नव्हे. त्या पाण्यावर ज्येष्ठतेनुसार मिळालेले जुने हक्क आहेत आणि त्यांना हात लावायला कोणताही राजकारणी सहजी धजावत नाही.

ब्रिटिशांनी हाच ब्राउन ट्राउट काश्मीर आणि कुलूच्या नद्यांतही आणून सोडला. हिमाचल प्रदेशात १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत ट्राउटच्या मासेमारीला बंदी असते. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातही हंगाम ऑक्टोबरअखेर संपतो. उद्यानाची हद्द ओलांडून गार्डिनर गावाखाली वाहणाऱ्या त्याच नदीत मात्र गळ वर्षभर पडत राहतात.