नामचे बाजारची विश्रांती

गेल्या आठवड्यात आसनगावचा एक तरुण दवाखान्यात आला. नेपाळात एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायची त्याची इच्छा. हाती दोन वेळापत्रके होती. एकात वाटेत मुक्कामाचे दिवस राखलेले, दुसऱ्यात ते कापलेले. "दुसरे स्वस्त पडते आणि रजाही कमी लागते. कोणते घेऊ?" त्याला जे सांगितले तेच आज वाचकांपुढे ठेवतो.

२०१८ च्या ऑक्टोबरात मी त्याच वाटेला गेलो होतो. सोबत मुरबाडचे एक शिक्षक मित्र होते. वय ५२, महिन्यातून दोनदा माहुली किल्ला चढणारे, चालण्यात मला मागे टाकणारे. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, आम्ही नामचे बाजारला पोहोचलो. डोंगराच्या कुशीत अर्धचंद्रासारखे वसलेले हे गाव ३,४४० मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे त्याच्या निम्म्याहूनही कमी!

रात्री गुरुजी जेवले नाहीत. "थंडीने डोके जड झाले आहे," म्हणाले. पहाटे उलटी झाली, तेव्हा कळले की डोके आदल्या दुपारपासून दुखत होते. गटाला सकाळीच पुढे निघायचे होते. "डॉक्टर, माझ्यामुळे तुमचा बेत मोडू नका. चालता चालता बरे वाटेल," असा त्यांचा आग्रह. गटप्रमुखाचेही तेच मत. मी मात्र ऐकले नाही. गट पुढे गेला, आम्ही दोघे राहिलो.

तो शनिवार, आठवडी बाजाराचा दिवस. गुरुजी झोपून होते. मी बाजारात फिरून आलो, तेव्हा म्हसा यात्रेची आठवण झाली. संध्याकाळी त्यांनी स्वतःहून भात मागितला. रविवारी डोके पूर्ण उतरले. मग ३,८८० मीटरपर्यंत सावकाश चढून एव्हरेस्टचे दर्शन घेतले आणि झोपायला पुन्हा नामचेला उतरलो. सोमवारी तेंगबोचेचा मठ पाहिला आणि तेथूनच परतलो, कारण रजा संपत आली होती.

यामागचे शास्त्र सोपे आहे. नामचेला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. शरीर हळूहळू श्वास वाढवून जुळवून घेते, पण त्याला दिवस लागतात. तंदुरुस्ती येथे कामी येत नाही. उलट धट्टाकट्टा माणूस भरभर चढतो आणि लवकर सापडतो. म्हणून ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा दिवसाला ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे.

डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर, अन्नावरची वासना जाणे, यांपैकी काही दिसले तर वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर रात्र असली तरी लगेच खाली उतरवावे. उशीर जिवावर बेततो. दारू व झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. उंचीसाठी मिळणारी गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

माझे स्पष्ट मत आहे की, विश्रांतीचा दिवस कापून स्वस्त केलेली सहल घेऊ नये. पण हा दोष सहली काढणाऱ्यांचाच नाही. अंगात ताप असताना "उद्या पहाटेची लोकल गाठायची आहे, एखादे इंजेक्शन द्या" म्हणणारे रुग्ण मी रोज पाहतो. दुखणे लपवायची सवय आपण घरूनच पाठीवरच्या पिशवीत भरून नेतो.

बेस कॅम्प आमचा राहिला तो राहिलाच. गुरुजी मात्र सुखरूप घरी आले आणि आजही माहुली चढतात. आसनगावच्या त्या तरुणाने जास्त दिवसांचे वेळापत्रक घेतले आहे. रजेचा अर्जही भरला म्हणे.