मरणानंतरची वाट

पितृपक्ष आला की भांडुपच्या गच्च्यांवर पान ठेवून कावळ्याची वाट पाहिली जाते. म्हणूनच या अंकाचा विषय परलोक. बोरिवलीत एकसरच्या वीरगळांवर खाली वल्ह्यांच्या नौकांची झुंज कोरलेली आहे आणि वर स्वर्गात पोचलेला वीर. नॉर्स कथांतही रणात पडलेल्यांना वाल्कीरी नावाच्या युद्धकन्या ओडिन देवाच्या वाल्हाला या महालात नेतात, बुडालेल्यांना रान नावाची समुद्रदेवता जाळ्यात ओढते, आजाराने गेलेले हेल या मृत्युदेवतेकडे जातात. मरण कसं आलं यावरून केलेली ही वाटणी आम्हाला खटकते. अंथरुणावर गेलेल्या आजीला कमी मान का? पिंडाला कावळा शिवेना, तेव्हा तुम्ही दर्भाचा कावळा केलात की गेलेल्याला काही कबूल केलंत? जरूर लिहा.