पाच समित्या आणि एक तंबू

दुकान वाढवून आजोबा घरी येतात, सूर्यास्तापूर्वीचे जेवण सुरू असते आणि नेमक्या त्याच वेळी इंग्लंडमध्ये शिकणाऱ्या नातीचा फोन येतो. ‘‘आजोबा, परीक्षा संपली की मैत्रिणींबरोबर ग्लास्टनबरीच्या उत्सवाला जायचे आहे. पाच रात्री तंबूत राहायचे.’’ पहिला प्रश्न बहुधा आजीचा असतो : ‘‘आणि खाणार काय?’’ दुसरा वडिलांचा : ‘‘बरोबर कोण?’’ समाधानकारक उत्तर मिळण्यापूर्वीच कोणीतरी ‘नको’ म्हणते आणि विषय मिटतो. ज्यांची मुले परदेशी शिकत आहेत अशा अनेक व्यापारी कुटुंबांना हा प्रसंग अनोळखी वाटणार नाही.

‘नको’ म्हणण्याचा अधिकार वडीलधाऱ्यांचा आहेच. परंतु बावीस-तेवीस वर्षांच्या आणि हजारो मैल दूर असलेल्या मुलांच्या बाबतीत त्या शब्दाची किंमतही लक्षात घ्यावी लागते. काही मुले आज्ञा पाळतात. काही न सांगता जातात. न सांगता गेलेले मूल अडचणीत सापडले तर पहिला फोन घरी करीत नाही. पावसापेक्षा, चिखलापेक्षा आणि गर्दीपेक्षाही हा धोका मोठा आहे. म्हणून तेथे काय असते आणि कोणत्या तयारीने जावे हे घरातल्यांनी आधी जाणून घ्यावे, मग होकार किंवा नकार द्यावा.

ग्लास्टनबरीचा उत्सव हा मूळचा एका गवळ्याचा उद्योग. नैर्ऋत्य इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यात पिल्टन नावाचे गाव आहे. तेथील वर्दी फार्म या गाईंच्या फार्मचे मालक मायकेल ईव्हिस यांनी १९७० च्या सप्टेंबरमध्ये पहिला उत्सव भरवला. प्रवेशमूल्य होते १ पौंड, आणि त्यात फार्मवरचे दूध फुकट. त्या वेळी सुमारे दीड हजार माणसे आली होती. आज जूनच्या शेवटच्या आठवड्यात, बुधवार ते सोमवार, दोन लाखांहून अधिक लोक त्या कुरणांवर मुक्काम करतात. संगीत, नाटक, सर्कस, व्याख्याने असे सर्व काही असते. मद्यही मुबलक असते आणि चोरून येणारे अमली पदार्थही असतात, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

तंबूतला मुक्काम आपल्या समाजाला नवा नाही. छ’री पालित संघात ज्यांनी पायी यात्रा केली आहे, त्यांनी रोज नव्या गावी तंबूत रात्र काढलेली असते. फरक इतकाच की, संघात तंबू आधीच उभारलेला असतो, उकळलेले पाणी तयार असते, भोजनाची वेळ ठरलेली असते आणि वाट दाखवायला कार्यकर्ते असतात. येथे या चारही गोष्टी ज्याच्या त्याने करायच्या असतात. त्यासाठी कोणती यादी हाताशी ठेवावी? तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात सांगितलेल्या पाच समित्या याही कामी फार उपयोगी पडतात. ईर्या, भाषा, एषणा, आदान-निक्षेपण आणि उत्सर्ग. त्यांचे पूर्ण पालन मुनींचे. श्रावकाने आपल्या शक्तीप्रमाणे करावे. तंबूत प्रथमच राहणाऱ्या मुलांना मात्र त्या जणू जशाच्या तशा लागू पडतात.

ईर्या : चालणे

पुढची चार हात जमीन पाहून पाऊल टाकावे, ही ईर्यासमिती. दोन लाखांच्या छावणीत रात्री चालताना पायात अडकतात ते तंबूचे तणावे. म्हणून कपाळाला बांधायचा टॉर्च प्रत्येकाजवळ हवा. इंग्लंडमधला जून बेभरवशाचा असतो. २००५ मध्ये वादळी पावसाने सखल भागातले तंबू पाण्याखाली गेले होते. २००७ आणि २०१६ ही वर्षे चिखलासाठी ओळखली जातात. गमबूट आणि चांगला रेनकोट हवेतच. मात्र गमबूट प्रवासात पायात घालून पाहावेत असे नव्हे, तर घरीच आठ दिवस घालून सवय करावी. नवे गमबूट पिंढऱ्या सोलतात. लोकरी मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून जादा न्यावेत. दुपारी ऊन कडक असले तरी रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरू शकतो. त्यामुळे टोपी आणि स्वेटर दोन्ही एकाच पिशवीत असावेत.

भाषा : बोलणे

गर्दीत मोबाइलचे नेटवर्क मंदावते आणि चार्जिंग संपते. बरोबरच्या सर्वांनी पहिल्याच दिवशी भेटण्याचे ठिकाण आणि वेळ ठरवावी : चुकामूक झाली तर अमुक कमानीखाली, दर तासाच्या ठोक्याला. घरचा क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा. घरच्यांशीही एकच वेळ ठरवावी, दिवसातून एक संदेश पुरे. दर तासाला फोन करून मुलीची बॅटरी संपवणारे पालक तिची सुरक्षितता वाढवीत नाहीत.

‘नाही’ म्हणण्याचे वाक्यही आधी तयार हवे. कोणी पेला किंवा गोळी पुढे केली तर लांबलचक कारणे देऊ नयेत. ‘मी घेत नाही’ एवढे पुरते. आपला पेला उघडा सोडून जाऊ नये. मैत्रिणीची प्रकृती बिघडली तर उत्सवातील वैद्यकीय तंबूत तत्काळ न्यावे आणि तिने काय घेतले आहे ते डॉक्टरांना खरे सांगावे. तेथे भीतीपोटी बोललेले असत्य जिवावर बेतू शकते. खरे सांगितल्यावर घरून प्रथम रागावणे नव्हे, मदत मिळेल, हा विश्वास मुलांना जाण्यापूर्वीच द्यावा.

एषणा : आहार

आजीच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. इंग्लंडमध्ये त्या आठवड्यात सूर्य पहाटे पाचच्या सुमारास उगवतो आणि रात्री साडेनऊच्या सुमारास मावळतो. म्हणजे नवकारशी पावणेसहाच्या आसपास येते आणि चौविहार करणाऱ्यालाही रात्री नऊपर्यंत जेवायला सवड असते. मोठे कलाकार साधारण सूर्यास्ताच्या सुमारास मंचावर येतात. नियम पाळणारी मुलगी तोपर्यंत जेवून, पाणी पिऊन मोकळी झालेली असते. आपल्याकडच्या संध्याकाळपेक्षा तेथे हा नियम सोपा आहे.

खरी दक्षता हवी ती पदार्थ निवडताना. ‘व्हेगन’ अशी पाटी असलेल्या टपऱ्या तेथे पुष्कळ. पण त्या शब्दात कांदा, लसूण, बटाटा वर्ज्य नसतो. ‘व्हेजिटेरियन’ म्हटले तरी काही परदेशी चीजमध्ये वासराच्या जठरातील रेनेट असते आणि मऊ गोळ्यांमध्ये जिलेटिन. विचारून घ्यावे, उत्तर पटले नाही तर पुढच्या टपरीवर जावे. हरे कृष्ण भक्तांच्या तंबूत मोफत शाकाहारी भोजन मिळते. त्यांच्याकडे कांदा-लसूण नसतो, कंदमुळांविषयी मात्र विचारणे आवश्यक.

बरोबर खाकरे, भाजक्या पोह्यांचा चिवडा, कुरमुरे, भाजलेले मखाणे, शेंगदाण्याची लसूण नसलेली चटणी आणि सुका मेवा न्यावा. थेपले निघायच्या आदल्या रात्री तेथेच करावेत आणि पहिल्या दोन दिवसांत संपवावेत. भारतातून डबा पाठवणाऱ्या आजींसाठी एक सूचना : दूध व दुधाचे पदार्थ प्रवाशांनी ब्रिटनमध्ये नेण्यास मनाई आहे. पेढे आणि तुपातले लाडू विमानतळावरच राहतील. काचेच्या बरण्यांना उत्सवात बंदी आहे, म्हणून लोणचे प्लॅस्टिकच्या डब्यात भरावे. पिण्याच्या पाण्याचे नळ सर्वत्र असतात. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक बाटल्यांची विक्री २०१९ पासून तेथे बंद झाली आहे. प्रत्येकाने स्टीलची बाटली न्यावी आणि भांड्यावर कापड बांधून पाणी गाळून घ्यायचा ज्यांचा नियम आहे त्यांनी गळणेही न्यावे. स्टोव्ह तंबूच्या आत कधीही पेटवू नये. आगीचा धोका तर असतोच, शिवाय वास नसलेला कार्बन मोनॉक्साइड वायू झोपेतच प्राण घेतो.

आदान-निक्षेपण : घेणे आणि ठेवणे

वस्तू पाहून घ्यावी, पाहून ठेवावी. तंबू विकत घेतल्यावर तो निघण्यापूर्वी एकदा बागेत उभा करून पाहावा. पावसात प्रथमच पिशवी उघडणाऱ्यांना मेखा कमी असल्याचे तेथेच कळते. दोन माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू सामानासह एकालाच नीट पुरतो. जागा उंचवट्यावरची निवडावी. सखल भाग, मोठी वाट आणि शौचालयाची शेजारची जागा टाळावी. तंबू लावण्यापूर्वी जमीन निरखावी : मुंग्यांचे वारूळ, गोगलगायी, किडे असतील तर जागा बदलावी. दार वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला ठेवावे, तणावे घट्ट ओढावेत आणि वर एखादे रंगीत कापड बांधावे, म्हणजे हजारो सारख्या तंबूंत आपला सापडतो. अंगाखाली जाड चटई हवी, कारण थंडी वरून येते त्याहून अधिक जमिनीतून येते. पहाटे पाचलाच उजाडते, म्हणून डोळ्यांवरची पट्टी आणि कानातले बोळे विसरू नयेत.

पासपोर्ट, दागिने, लॅपटॉप नेऊच नयेत. तंबूच्या दाराला कुलूप लावल्याने आत मौल्यवान काही आहे एवढेच जाहीर होते. सामान सुरक्षित ठेवण्याची मोफत व्यवस्था तेथे असते, तिचा उपयोग करावा. स्वतःच्या खांद्यावर अर्धा तास वाहून नेता येईल एवढेच सामान, ही अपरिग्रहाची व्यवहारी मर्यादा.

पैशाचेही घेणे-ठेवणे पाहावे. २०२५ मध्ये तिकीट ३७३.५० पौंड आणि त्यावर ५ पौंड नोंदणी शुल्क होते. तिकिटावर धारकाचे छायाचित्र असते आणि ते दुसऱ्याच्या नावे होत नाही. ‘माझ्याकडे एक जास्तीचे आहे’ असे म्हणून ते विकणाऱ्याला पैसे देणे म्हणजे ते बुडवणे. शैक्षणिक कर्जाच्या रकमेतून हा खर्च कदापि करू नये. स्वतःच्या बचतीतून करता येत असेल तर जावे. येत नसेल तर पुढल्या वर्षासाठी दरमहा बाजूला टाकावे.

उत्सर्ग : टाकणे

जीवजंतूंना बाधा होणार नाही अशा रीतीने मलमूत्र आणि निरुपयोगी वस्तूंचा त्याग करावा, ही पाचवी समिती. उत्सवाच्या आयोजकांनी याच विषयाची मोहीम चालवली आहे : शेतात लघवी करू नका. त्यामागे कारण आहे. वर्दी फार्ममधून व्हाइटलेक नावाची छोटी नदी वाहते. बँगॉर विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०१९ च्या उत्सवाच्या आधी, उत्सवात आणि नंतर तिच्या पाण्याचे नमुने तपासले. उत्सवस्थळाच्या खालच्या अंगाला कोकेन आणि एमडीएमए हे अमली पदार्थ आढळले, आणि कोकेनचे प्रमाण तेथील दुर्मिळ होत चाललेल्या ईल माशांना घातक ठरू शकेल असे त्यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. माणसाने घेतलेले विष लघवीवाटे जमिनीत, जमिनीतून नदीत आणि नदीतून मुक्या जिवापर्यंत पोहोचते. शौचालयाची रांग कितीही लांब असो, रांगेतच उभे राहावे. कागद आणि हात धुण्याचे साहित्य स्वतःचे न्यावे. ओले पुसणे-कागद बहुधा प्लॅस्टिकचे असतात, ते खड्ड्यात टाकू नयेत.

शेवटचे टाकणे तंबूचे. ब्रिटनमधील स्वतंत्र उत्सव-आयोजकांच्या संघटनेने २०१९ मध्ये अंदाज मांडला की, देशभरातील संगीत-उत्सवांत दरवर्षी अडीच लाख तंबू मागे सोडले जातात. स्वस्त मिळाला, चिखलाने माखला, उचलायचा कंटाळा आला, म्हणून टाकला. परंतु त्याच वर्षी ग्लास्टनबरीत ९९.३ टक्के तंबू लोकांनी घरी नेल्याचे आयोजकांनी जाहीर केले. वारंवार केलेल्या विनंतीने लाखोंची सवय बदलते, हे तेथे दिसून आले. आपल्या घरच्या मुलांचा तंबू उरलेल्या ०.७ टक्क्यांत नसावा.

वर्दी फार्मची एक प्रथा श्रावकांना विशेष भावेल. अधूनमधून एक वर्ष उत्सव भरतच नाही, जमिनीला आणि गाईंना विश्रांती मिळते. २०१८ आणि २०२६ ही अशीच विश्रांतीची वर्षे ठरवली गेली. वर्षाऋतूत जमीन जिवांनी भरून जाते म्हणून साधू-साध्वी चातुर्मासात एका जागी थांबतात. कारणे वेगळी असली तरी जमिनीवरून पाऊल काही काळ काढून घ्यावे, ही समज दोन्हीकडे आहे.

नातीचा फोन पुन्हा येईल तेव्हा आजोबांनी या पाच समित्यांची चिठ्ठी तिच्याकडून लिहून घ्यावी आणि प्रत्येकीपुढे तिची तयारी विचारावी. उत्तरे नीट आली नाहीत तर ‘या वर्षी नको’ म्हणताना कारण सांगता येईल, आणि कारणासह आलेला नकार मुले लपवाछपवीने मोडीत नाहीत. उत्तरे नीट आली तर आशीर्वाद द्यावा. सोमवारी सकाळी तंबू गुंडाळून झाल्यावर तिने रिकाम्या जागेचे एक छायाचित्र घरी पाठवावे, एवढीच अट घालावी. त्यात दबलेल्या गवताखेरीज काही दिसू नये.