लॉगचं पान

शॉर्टवेव्ह श्रोत्यांचं मार्गदर्शक 'पासपोर्ट टू वर्ल्ड बँड रेडिओ' 2009च्या आवृत्तीनंतर निघालंच नाही. 2013 संपता संपता अमेरिकेतलं 'मॉनिटरिंग टाइम्स' मासिक बंद झालं. 1947 पासूनचं 'वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक' मात्र मालक बदलूनही तग धरून आहे.

वेळापत्रकं फोनवर फुकट मिळतात, मग आमच्यासारखी छापील पत्रिका हवी कशाला? लॉगच्या, म्हणजे श्रोत्यांनी ऐकलेल्या स्टेशनांच्या नोंदींच्या पानासाठी. अमुक स्टेशन अमुक फ्रीक्वेन्सीवर आहे, हे वेळापत्रक सांगतं. ते सोलापुरात खरोखर लागलं का, हे श्रोताच सांगतो. सिन्पो या रिपोर्टच्या सांकेतिक पद्धतीच्या पाच आकड्यांत सिग्नलची ताकद, शेजारच्या स्टेशनची घुसखोरी, खरखर, आवाजाचे चढउतार आणि एकंदर दर्जा एवढं सगळं मावतं. 34433 लिहिणाऱ्यानं कान देऊन ऐकलेलं असतं. दर वेळी 55555 टाकणाऱ्याबद्दल आम्हाला (खरं सांगायचं तर) शंकाच येते, आणि क्यूएसएल कार्ड (रिपोर्टची पोच) पाठवणाऱ्या स्टेशनलाही अशा रिपोर्टचा फारसा उपयोग नसतो.

ऑक्टोबरअखेर हिवाळी वेळापत्रक लागू होतंय. नोंदी यूटीसीतच पाठवा, म्हणजे भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा करून. फ्रीक्वेन्सी आणि कार्यक्रमाचे दोन-तीन तपशील हवेतच. पुढच्या अंकासाठीच्या नोंदी 20 नोव्हेंबरपर्यंत आमच्या हाती पडाव्यात.