तात्पुरता पत्ता आणि परदेशी निघालेली सून

विवाह होऊन वर्ष उलटते. मुलगा परदेशातील नोकरीवर परत रुजू होतो आणि सून व्हिसाची वाट पाहत विरारच्या घरी सासू-सासऱ्यांजवळ राहते. वसई-विरार पट्ट्यातील अनेक वाचकांना हे चित्र परिचयाचे आहे. अमेरिकी नागरिकाच्या पत्नीसाठी केलेल्या अर्जालाही वर्षाहून अधिक काळ लागू शकतो. ग्रीनकार्डधारकाच्या पत्नीला तर वार्षिक संख्यामर्यादेमुळे रांगेत थांबावे लागते. एवढ्या अवधीत घर जागच्या जागी राहील, याची शाश्वती कोणी द्यावी? सोसायटी पुनर्विकासाला जाते, इमारत धोकादायक ठरते, सुनेच्या माहेरी आजारपण निघते, किंवा सासऱ्यांच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर लिफ्ट नसलेला चौथा मजला नकोसा होतो. काही महिन्यांसाठी बिऱ्हाड हलवणे भाग पडते आणि घरातील ज्येष्ठांच्या मनात एकच शंका घर करते : पत्ता बदलला तर फाइल अडेल का?

याचे उत्तर आरंभीच द्यावयास हवे. तात्पुरते घर बदलणे हा अर्जातील दोष नाही. विवाह खरा आहे की नाही आणि दिलेली माहिती परस्परांशी जुळते की नाही, हे अर्ज तपासणारा अधिकारी पाहत असतो. बदल न कळवल्यामुळे, किंवा एका कागदावर एक पत्ता आणि दुसऱ्यावर दुसरा लिहिल्यामुळे मात्र निश्चितच खोळंबा होऊ शकतो. (सून म्हटले असले तरी पत्नीच्या अर्जावर परदेशी जाणाऱ्या जावयालाही पुढील सर्व गोष्टी लागू आहेत.)

म्हणूनच केवळ फाइलसाठी कोणीही मोडकळीस आलेल्या इमारतीत थांबू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेच्या विजयनगर भागात रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि १७ जणांचे प्राण गेले. महापालिकेची नोटीस लागली असेल, भिंतींना तडे जात असतील, तर आधी माणसे हलवावीत; पत्ता नंतर कळवता येतो.

पत्ता कोठे आणि कसा कळवावा

बहुतेक अर्जांत कायमचा पत्ता आणि सध्याचा पत्ता असे दोन वेगळे रकाने असतात. पुनर्विकासासाठी घर रिकामे केले तरी त्या सदनिकेवरील आपला हक्क जात नाही. त्यामुळे कायमचा पत्ता तोच ठेवता येतो आणि सध्याचा पत्ता म्हणून भाड्याचे घर लिहायचे असते. भाडेकरार नोंदणीकृतच असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार ही नोंदणी बंधनकारक आहे. त्याच्या जोडीला, पुनर्विकासामुळे कुटुंब तात्पुरते अन्यत्र राहत असल्याचे सोसायटीचे पत्र घेऊन ठेवावे. पुढे कोणी विचारलेच, तर हे दोन कागद पुरेसे बोलके ठरतात.

परदेशात स्थायिक होण्याच्या अर्जासाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला लागतो. तो पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो आणि त्यासाठी स्थानिक पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. विरारची पोलीस ठाणी १ ऑक्टोबर २०२० पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत आहेत. अर्जात जुना पत्ता दिलेला असेल आणि चौकशीस आलेल्या पोलिसांना तिथे पत्रे ठोकलेली रिकामी इमारत दिसली, तर अर्जदार त्या पत्त्यावर राहत नाही असा अहवाल जाऊ शकतो. प्रत्यक्ष जिथे वास्तव्य आहे तोच पत्ता द्यावा, आणि शक्य असेल तर घर हलवण्याच्या ऐन धामधुमीत हा अर्ज करू नये. नव्या जागी स्थिरावल्यावर करावा.

अमेरिकेच्या बाबतीत नियमांची गल्लत फार होते. अमेरिकेत राहणाऱ्या बिगरनागरिकाने घर बदलल्यास ते १० दिवसांच्या आत तेथील इमिग्रेशन खात्याला कळवावे लागते. त्यासाठी एआर-११ हा नमुना आहे. मुलगा ग्रीनकार्डधारक असेल तर हे त्याला लागू होते. विरारमध्ये असलेल्या सुनेला तो नमुना लागू नाही. तिचा अर्ज नॅशनल व्हिसा सेंटरकडे असेल, तर नवा पत्ता तिथे कळवावा. डीएस-२६० हा ऑनलाइन अर्ज एकदा सादर केला की स्वतःहून त्यात बदल करता येत नाही. नंतर झालेला बदल मुलाखतीच्या वेळी अधिकाऱ्यास सांगावा. मुलाने आर्थिक हमी दिलेली असते, तिची जबाबदारी सून तिथे स्थायिक झाल्यावर सुरू होते. त्यानंतर हमीदाराने घर बदलले, तर ३० दिवसांच्या आत आय-८६५ या नमुन्याने ते स्वतंत्रपणे कळवायचे असते. इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया यांच्या अर्जांतही पत्त्यातील बदल कळवणे अपेक्षित असते. नमुने तेवढे निराळे.

डीएस-२६० मध्ये वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचे सर्व राहते पत्ते विचारले जातात. शिक्षणासाठी घेतलेली पुण्यातील खोली, माहेरचे घर, विरारची सदनिका आणि आताचे भाड्याचे घर हे सगळे महिना-वर्षासह लिहावे लागते. हे काम आजोबांनी आपल्याकडे घ्यावे. एक वही करावी. डाव्या बाजूस पत्ता, उजव्या बाजूस कधीपासून कधीपर्यंत, आणि खाली तो बदल कोणाला, कोणत्या तारखेस कळवला याची नोंद ठेवावी. सुनेने, मुलाने आणि व्याही मंडळींनी कोणताही कागद भरताना याच वहीवरून भरावा. जुन्या इमारतीच्या टपाल कार्यालयात पत्रे नव्या पत्त्यावर वळवण्यासाठी लेखी अर्ज द्यावा. मोबाइल क्रमांक आणि ईमेल मात्र अर्ज निकाली निघेपर्यंत बदलू नयेत, कारण मुलाखतीची सूचना बहुधा तिथेच येते.

सून काही महिने माहेरी राहायला गेली, तर विवाहाविषयी शंका घेतली जाईल अशी धास्ती अनेक सासू-सासऱ्यांना वाटते. आईच्या आजारपणात मुलीने जाऊन राहणे अधिकाऱ्यांनाही समजते. ‘सध्या कोठे राहता?’ या प्रश्नाला जे खरे आहे तेच उत्तर द्यावे. सासरीच राहते असे सांगण्यासाठी तिला पढवू नये. दोघांच्या उत्तरांत फरक पडला, तर खऱ्या विवाहावरही विनाकारण सावट येते.

तातडीने बोलावण्यापूर्वी

सर्वांत मोठा धोका उलट दिशेच्या प्रवासात आहे, आणि तो ज्येष्ठांनी नीट समजून घ्यावा. काही दांपत्ये परदेशातच असतात आणि सुनेचा कायम वास्तव्याचा अर्ज तिथेच प्रलंबित असतो. इकडे सासऱ्यांना हृदयविकाराचा झटका येतो. ‘दोघेही ताबडतोब निघा’ असा फोन जातो. अमेरिकेत आय-४८५ हा अर्ज प्रलंबित असताना प्रवासाची पूर्वपरवानगी न घेता देश सोडला, तर सामान्यतः तो अर्ज सोडून दिला असे मानले जाते. एच-१बी, एल-१ यांसारख्या काही दर्जांवरील व्यक्तींना अटींसह सवलत आहे, पण आपली सून त्यांत बसते का, हे तिकीट काढण्यापूर्वी वकिलाकडून जाणून घ्यावे. पूर्वपरवानगी हाती असली तरी परतताना प्रवेश देण्याचा निर्णय विमानतळावरील अधिकाऱ्याचाच असतो.

इंग्लंडमध्ये राहून मुदतवाढीचा अर्ज केलेला असताना निर्णयापूर्वी देश सोडल्यास तो अर्ज मागे घेतला असे समजले जाते. ऑस्ट्रेलियात जोडीदार व्हिसाच्या प्रतीक्षेत मिळालेल्या ‘ब्रिजिंग व्हिसा ए’वर बाहेर पडल्यास तो संपुष्टात येतो, परत येण्यासाठी निघण्यापूर्वी ‘ब्रिजिंग व्हिसा बी’ मिळवावा लागतो.

अमेरिकेत आणीबाणीसाठी तातडीच्या प्रवास-परवानगीची विनंती करता येते आणि तिथे आपले वैद्यकीय कागद उपयोगी पडतात. रुग्णालयाच्या लेटरहेडवर रुग्णाचे नाव, निदान, प्रकृतीचे गांभीर्य, उपचारांच्या तारखा आणि डॉक्टरांची सही-शिक्का असलेले इंग्रजी पत्र मिळवावे. रुग्णाचे अर्जदाराशी नाते सिद्ध करणारा कागदही जवळ असावा. आजारी माणसाजवळ बसलेल्या व्यक्तीला त्या वेळी हे सुचत नाही. म्हणून हे काम कोणता भाचा किंवा शेजारी करील, ते आजच ठरवून ठेवावे. अनेकदा अर्जदाराने तिथेच थांबावे आणि मुलाने एकट्याने यावे, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. अशा वेळी सून आली नाही म्हणून तिला बोल लावू नये.

स्थलांतरात हरवू नयेत असे कागद

व्हिसासाठीची वैद्यकीय तपासणी त्या त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते आणि तिची मुदत मर्यादित असते. अमेरिकेसाठी ती सामान्यतः सहा महिने, तर कॅनडासाठी बारा महिने धरली जाते. इंग्लंडसाठी लागणारे क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्रही सहा महिनेच चालते. त्यामुळे ‘घर हलवण्यापूर्वी एकदाचे उरकून टाकू’ म्हणून ती घाईने करू नये. लसीकरणाच्या नोंदी मात्र आत्ताच शोधाव्यात. सुनेला पूर्वी क्षयरोग झाला असेल, तर उपचार पूर्ण केल्याचे कागद आणि जुने एक्स-रे जपून ठेवावेत व आजार लपवू नये. पूर्ण बरा झालेला क्षय हे सहसा नकाराचे कारण ठरत नाही. कागद नसले तर मात्र थुंकीच्या तपासण्यांत अनेक आठवडे जाऊ शकतात. ती गर्भवती असेल तर एक्स-रेपूर्वी डॉक्टरांना तसे आवर्जून सांगावे. ही सर्व कागदपत्रे जलाभेद्य पिशवीत, सामानाच्या टेम्पोत न टाकता, स्वतःसोबत न्यावीत. विरारच्या पावसाळ्यात तळमजल्यावरील कपाटाचा भरवसा धरू नये.

ज्येष्ठांची प्रकृती

घर बदलल्यानंतरचे पहिले काही आठवडे वृद्धांसाठी जोखमीचे असतात. जुन्या घरात अंधारातही पावले बरोबर न्हाणीघराकडे वळत. नव्या घरात तीच सवय पडण्यास कारण होते. पहिल्याच दिवशी पलंगापासून शौचालयापर्यंत रात्रदिवा लावावा, आधाराची दांडी बसवून घ्यावी आणि पायपुसणी सरकणार नाहीत असे पाहावे. पलंग, खुर्ची, देव्हारा यांची मांडणी शक्यतो पूर्वीसारखीच ठेवावी. विस्मरणाचा त्रास असलेल्या व्यक्तीच्या खिशात नव्या पत्त्याची आणि दूरध्वनी क्रमांकाची चिठ्ठी असावी, कारण फिरायला गेल्यावर तिची पावले जुन्या इमारतीकडेच वळतात.

किमान पंधरा दिवसांची औषधे आणि औषधांची यादी हातातील पिशवीत असावी. इन्शुलिन गार राहील अशा डब्यात न्यावे, पण बर्फाला थेट चिकटू देऊ नये. गोठलेले इन्शुलिन वापरायचे नसते. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावताना सांगता येईल असा खुणेसह नवा पत्ता दाराजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय साहाय्य वाहिनीही त्याच कागदावर असावी.

सोपवून देण्याचे दिवस

वाट पाहण्याच्या या काळात सून नकळत घराची परिचारिका झालेली असते. सासूबाईंची रक्तशर्करा तीच तपासते, सासऱ्यांच्या गोळ्या तीच लावते आणि डॉक्टरांना फोनही तीच करते. व्हिसा यावा अशी प्रार्थना करणाऱ्या सासू-सासऱ्यांना तो आल्याची धास्तीही वाटते, आणि तसे वाटल्याबद्दल त्यांचे मन त्यांनाच खाते. या भावनेत अपराध नाही; पण ती बोलून दाखवली नाही, तर ‘एवढी घाई कशाला’ अशा शब्दांत वा विनाकारण दुखण्यांत ती बाहेर पडते आणि सुनेचा पाय घरातच अडखळतो.

तात्पुरत्या घराचा इथे उपयोग करून घेता येतो. सारी घडी नव्याने बसतच असते, तेव्हा सुनेची कामेही आत्ताच दुसऱ्या हातांकडे सोपवावीत. आठवड्यातून दोन दिवस तिने मुद्दाम काही करू नये. त्या दिवशी आजोबांनी स्वतः शर्करा तपासून वहीत लिहावी, औषधवाल्याला स्वतः फोन करावा, मदतनीस बाईंनी स्वयंपाकासोबत गोळ्यांचा डबाही भरावा. कोठे अडते ते सून जवळ असतानाच कळते आणि सुधारताही येते. मुलाने दूरवरून पैसे पाठवण्याबरोबरच मदतनिसाशी आठवड्यातून एकदा बोलण्याची जबाबदारी घ्यावी.

शेजारीपाजारी विचारतीलच : ‘अजून व्हिसा आला नाही का?’ त्यांना ‘काम चालू आहे’ एवढे सांगावे आणि विषय बदलावा. तपशील सर्वांना सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. या रविवारी मात्र सर्वांनी एकत्र बसून पत्त्यांची वही सुरू करावी, आणि तिच्याच शेवटच्या पानावर सून आज करत असलेल्या कामांची यादी व प्रत्येक कामापुढे तिच्यानंतर ते करणाऱ्याचे नाव लिहावे. ज्या कामापुढे नाव सुचणार नाही, त्याची सोय आधी पाहावी.