जेट नौका : हौस आणि हिशेब

सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या रचनेत जे फेरबदल झाले, त्यांत क्रीडा व करमणुकीसाठी वापरल्या जाणाऱ्या नौकांवरील कर २८ टक्क्यांवरून ४० टक्क्यांवर गेला. साबण आणि लोणी स्वस्त झाल्याच्या वार्तेपुढे या तरतुदीकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही, आणि त्यात नवल काहीच नाही. अशा नौका बाळगणारे मूठभर. परंतु मुंबई, अलिबाग आणि गोवा येथील धनिक वर्गात स्वतःच्या वेगवान नौकेची ओढ वाढू लागली आहे, आणि त्यात जेट नौकेचे आकर्षण विशेष आहे. ही चैन मालकाला परवडते की नाही हा त्याचा खासगी प्रश्न म्हणून सोडून देता आला असता. तथापि ज्या पाण्यात ही नौका धावते ते पाणी सार्वजनिक आहे. म्हणून हिशेब थोडा बारकाईने मांडणे अगत्याचे ठरते.

जेट नौकेचा जन्म हौसेतून नव्हे, गरजेतून झाला. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील नद्या उथळ, वेगवान आणि गोट्यांनी भरलेल्या. साध्या नौकेचा पाण्याखाली फिरणारा पंखा तेथे पहिल्याच दगडावर मोडावयाचा. मेंढपाळीच्या विस्तीर्ण कुरणाचे मालक आणि हाडाचे यंत्रज्ञ असलेल्या बिल हॅमिल्टन यांनी १९५० च्या दशकात यावर तोड काढली. नौकेच्या तळातून पाणी ओढून घ्यावयाचे, पंपाने त्याला जोर द्यावयाचा आणि मागील तोंडातून तो झोत बाहेर फेकावयाचा. अशा पंपाची कल्पना पूर्वीही होती. मात्र झोत पाण्याखाली न सोडता पाण्याच्या पातळीवर, हवेत सोडला तर नौका कितीतरी चपळ होते, हे त्यांनी प्रत्यक्ष करून दाखविले. १९६० साली या नौका अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या ग्रँड कॅन्यनमधून प्रवाहाविरुद्ध वर चढल्या. १९७७ साली सर एडमंड हिलरी तीन जेट नौका घेऊन गंगासागराहून गंगेच्या उगमाकडे निघाले, ते थेट नंदप्रयागपर्यंत पोहोचले. हॅमिल्टन यांचे पुत्र जॉन त्या मोहिमेत होते.

वेगाने धावत असताना ही नौका वीतभर पाण्यावरूनही निघून जाते. उघडा पंखा नसल्याने जवळ पोहणाऱ्याचे हातपाय कापले जाण्याचे भय उरत नाही, आणि लहान मुले असलेल्या कुटुंबाला हा गुण लहान वाटणार नाही. एवढे गुण निर्विवाद आहेत. दोष मात्र विक्रेत्याच्या तोंडून सहसा ऐकू येत नाहीत. उभ्या नौकेने उथळ पाण्यात इंजिन सुरू केले की पंप वाळू व गोटे ओढून घेतो, पाती झिजतात, पाती आणि कवच यांमधील फट रुंदावते व जोर घटतो. मंद गतीत नौका सरळ रेषेत राहत नाही, आणि त्याच गतीत तिचे इंधन पंख्याच्या नौकेपेक्षा अधिक जळते. उंच वेगालाच हे अंतर भरून निघते. नौका खाऱ्या पाण्यात कायम नांगरून ठेवली तर पंपाच्या बोगद्यात शेवाळ व शिंपले धरतात. म्हणून काम संपताच ती पाण्याबाहेर काढून ठेवणे श्रेयस्कर असते.

आता हे चित्र मुंबईच्या बंदरावर ठेवून पाहावे. येथे नदीचा खळाळ नाही, गोट्यांचे पात्र नाही. गेटवेसमोरच्या पाण्यात लाँच, मचवे आणि मोठी जहाजे यांच्या गर्दीतून हळूहळूच जावे लागते, म्हणजे जेथे जेट सर्वांत उधळी ठरते नेमक्या त्याच गतीत. उथळपणाचा लाभ कोकणातील गाळाने भरलेल्या खाड्यांत मिळू शकेल. पण हौशी मालक तेथे क्वचितच फिरकतो. आणि बंदरात तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या! एखादी पिशवी पंपाच्या जाळीवर बसली की नौका जागच्या जागी धापा टाकते. बाहेरच्या इंजिनाचा पंखा वर उचलून हाताने मोकळा करता येतो. येथे झाकण उघडून आत हात घालावा लागतो, तोही इंजिन बंद करूनच. न्यूझीलंडच्या नदीसाठी घडविलेल्या गुणांची किंमत मोजून मालक मुंबईच्या बंदरात तिचे केवळ दोष वापरतो.

पैशाचा हिशेब उदाहरणादाखल मांडता येईल. नौकेची करपूर्व किंमत ४० लाख रुपये धरली तर ४० टक्के करासह ती ५६ लाखांना पडते. या रकमेवर बुडालेले व्याज सात टक्क्यांनी सुमारे ३ लाख ९२ हजार, दहा टक्के घसारा ५ लाख ६० हजार, आणि नांगरण्याची जागा, विमा, खलाशी व डागडुजी मिळून ४ लाख. वर्षाला साडेतेरा लाख झाले, इंधन वेगळेच. पावसाळ्याचे चार महिने नौका झाकून ठेवावयाची. उरलेल्या आठ महिन्यांतील रविवारांपैकी पंचवीस कामी आले तर तो मालक भाग्यवान. म्हणजे एका दिवसाच्या सैरेला ५४ हजार रुपये! यात करवाढीचा वाटा किती? किमतीत ४ लाख ८० हजारांची भर पडली. व्याज व घसारा धरून दर दिवसाला तो तीन हजारांच्या आसपास येतो. करावर चरफडणाऱ्यांनी या आकड्याकडे अवश्य पाहावे. नौका महाग आहे ती सरकारमुळे नव्हे, ती वर्षातील तीनशे चाळीस दिवस निजून असते म्हणून.

अर्थात चैनीवरील कर हा निष्पाप असतो असेही नाही. अमेरिकेने १९९१ पासून एक लाख डॉलरहून महाग नौकांच्या त्यावरील किमतीवर दहा टक्के कर बसविला. धनिकांनी नौका घेणेच लांबणीवर टाकले, आणि घाव नौका बांधणाऱ्या कारागिरांवर बसला. १९९३ साली तो कर मागे घ्यावा लागला. गोव्यात लहान नौका बांधणारे कारखाने आहेत. त्यांच्या कारागिरांवर या ४० टक्क्यांचा काय परिणाम होतो, हे अर्थखात्याने दोन-तीन वर्षांनी तपासून पाहणे योग्य होईल.

आणखी एक धोका हिशेबात धरला जात नाही, तो सुट्या भागांचा. कॅनडाच्या बाँबार्डिए रिक्रिएशनल प्रॉडक्ट्स या कंपनीने ‘सी-डू’ या नावाच्या जेट क्रीडानौका अनेक वर्षे विकल्या आणि २०१२ साली तो व्यवसाय बंद केला. ज्यांनी त्या घेतल्या होत्या, त्यांच्या हाती उत्पादकाने पाठ फिरविलेली वस्तू उरली. न्यूझीलंडमधील हौशी मंडळी मोटारगाडीचे जुने इंजिन बसवून स्वतःच्या हाताने नौका दुरुस्त करतात. आपल्याकडचा मालक मात्र परदेशातून येणाऱ्या पात्याची वाट पाहत बसतो, आणि तोवर हंगाम निघून जातो.

पैशाचे नुकसान मालकाचे. प्राणाचे तसे नाही. जेट नौकेला सुकाणू नसते. वळण घेते तो झोत. समोर काही दिसताच नवशिक्या चालकाचा पहिला आवेग इंजिनाचा जोर सोडून देण्याचा असतो, आणि जोर सोडताच झोत संपतो व नौका वळेनाशी होते. मोटार चालविण्याची सवय येथे घातक ठरते. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईजवळ घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर नौदलाची चाचणीवर असलेली वेगवान नौका आदळली आणि डझनाहून अधिक जीव गेले. ते प्रकरण जेटचे किंवा हौसेचे नव्हते; तथापि गजबजलेल्या बंदरात वेग ताब्याबाहेर गेल्यास काय होते, ते त्या दिवशी दिसले. न्यूझीलंडमध्ये किनाऱ्यापासून २०० मीटरच्या आत पाच नॉट वेगाची सर्वसाधारण मर्यादा आहे. तेथे खासगी चालकाला परवाना लागत नाही, ही त्या देशाची उणीवच म्हणावी लागेल.

हे पाहता वैयक्तिक मालकीपेक्षा भाड्याची किंवा मंडळाची सामाईक नौका अधिक शहाणपणाची ठरते. गोव्याच्या किनाऱ्यावर जलस्कूटर भाड्याने मिळतात. त्याही जेटच असतात, आणि कोणी पर्यटक त्या विकत घेण्याचा विचार करीत नाही. तीच नौका मंडळाकडे वर्षाला दीडशे दिवस चालली तर वरील साडेतेरा लाखांचा भार दिवसाला नऊ हजारांवर येतो. अधिक वापराने झीज वाढेल आणि आकडा काहीसा चढेल, हे मान्य; तरीही अंतर प्रचंड राहते. शिवाय मंडळाचा चालक रोज चालविणारा असतो, रविवारचा पाहुणा नव्हे. ज्यांना मालकीच हवी असेल त्यांच्यासाठी अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ ने पाहणी, नोंदणी आणि चालकाची पात्रता यांची चौकट घालून दिलेली आहे. खाडीत आणि जलाशयात ती कागदावर राहू नये, आणि जेटच्या चालकाची परीक्षा निराळी घ्यावी: भर वेगात समोर तराफा आला असता तो जोर सोडतो की जोर ठेवून वळतो, एवढे तरी परीक्षकाने पाण्यावर उभे राहून पाहावे.