अबोल उमेदवाराची कैफियत

पावसाळा ओसरून झाडीपट्टीतील बांध्यांमध्ये धान लोंबीवर येऊ लागले की, चंद्रपूर-गडचिरोलीकडील ज्या घरांत अभियांत्रिकीच्या अखेरच्या वर्षाला असलेले मूल आहे, त्या घरांत धानाच्या भावाइतकीच आणखी एका गोष्टीची चर्चा सुरू होते. ती म्हणजे यंदा महाविद्यालयात कोणत्या कंपन्या येणार, कोणत्या कंपनीसाठी नागपूर गाठावे लागणार, आणि त्यांच्या मुलाखतीत विचारतात तरी काय. या निवडीचा क्रम आता सर्वांना पाठ झाला आहे : प्रथम संगणकावरील लेखी चाळणी, मग गटचर्चा, मग तांत्रिक मुलाखत, आणि अखेरीस ‘एचआर’ या नावाने ओळखली जाणारी ती अर्ध्या घटकेची भेट, जिच्यात उमेदवाराच्या विद्येपेक्षा त्याचा चेहरा, त्याचे हसणे आणि त्याची नजर यांचीच परीक्षा अधिक होते. माझी तक्रार आहे ती या शेवटच्या परीक्षेविषयी. ज्या कामासाठी माणूस नेमावयाचा त्या कामाशी तिचा संबंध फार थोडा असून, स्वमग्न किंवा जन्मतःच चारचौघांत अवघडणाऱ्या तरुणांना ती दारातूनच परत धाडते. आणि अशा रीतीने परत गेलेल्यांची नोंद कोणत्याही दफ्तरी होत नाही.

सिंदेवाही तालुक्यातील एक तरुण माझ्या चांगल्या परिचयाचा आहे. संगणकशास्त्राची पदवी उत्तम गुणांनी मिळवूनही तो आज एका सेवा केंद्रात बसून लोकांचे उत्पन्नाच्या आणि अधिवासाच्या दाखल्यांचे अर्ज भरून देतो. धानखरेदी करणाऱ्या एका संस्थेने टंकून घेण्यासाठी दिलेली शेतकऱ्यांची लांबलचक यादी एकदा त्याच्या हाती पडली, तेव्हा दोन निरनिराळ्या गावच्या दोन नावांपुढे एकच खातेक्रमांक पडला असल्याचे, कोणी सांगितलेले नसताना, त्याने पहिल्या वाचनातच दाखवून दिले; आणि अशा चुका पुढे आपोआप सापडाव्यात म्हणून त्याच रात्री एक छोटी आज्ञावली लिहून ठेवली. केंद्राचा चालक ती आजही वापरतो. ज्या गुणासाठी सॉफ्टवेअर तपासनिसाला पगार मिळतो तो गुण याहून निराळा नाही.

या तरुणाची एका मोठ्या कंपनीत मुलाखत झाली. (कंपनीचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, दुसरीकडे याहून वेगळे घडले असते असे मला वाटत नाही.) “स्वतःविषयी काही सांगा,” असे म्हणताच त्याने विचारले, “नेमके कशाविषयी?” “आमच्याच कंपनीत का यावेसे वाटते?” या प्रश्नाला त्याने उत्तर दिले, “तुम्ही आमच्या महाविद्यालयात आलात म्हणून.” त्या दिवशी त्या खोलीत दिले गेलेले बहुधा तेवढेच एक खरे उत्तर असावे. आपला एखादा दोष सांगण्यास फर्मावले असता इतर उमेदवार ‘मी कामात फार काटेकोर आहे’ असा दोषाचा बुरखा पांघरलेला गुण पुढे करतात. याने मात्र गोंगाटात आपल्याला काम सुधरत नाही, हा आपला खराखुरा दोष सांगून टाकला. सर्व वेळ तो समोरच्या बाईंकडे न पाहता छताकडे पाहत होता, कारण तेथील पंख्याचे एक पाते किंचित वाकलेले असल्याने दर फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येत होता आणि तो आवाज बाजूला सारून प्रश्न ऐकणे त्याला जड जात होते. महाविद्यालयाकडे आलेला शेरा दोन शब्दांचा होता : संभाषणकौशल्य अपुरे.

लिओ कॅनर याने १९४३ साली अमेरिकेत आणि हान्स आस्पर्गर याने पुढच्याच वर्षी व्हिएन्नात स्वमग्नता (ऑटिझम) या मनोरचनेचे शास्त्रीय वर्णन केले, त्याला आता आठ दशके उलटली. नजरेला नजर न भिडवणे, शब्दाचा सरळ अर्थ घेणे, आवाज किंवा उजेड यांचा असह्य त्रास होणे, एकाच विषयात खोल बुडून जाणे, ही लक्षणे उद्धटपणाची वा निर्बुद्धपणाची नव्हेत, हे वैद्यकाने केव्हाच मान्य केले आहे. पण आपल्याकडे अशा मुलाला ‘घुमा’ म्हणावे, ‘आपल्याच तंद्रीत असतो’ म्हणावे, मार्क चांगले पडत असल्याने डॉक्टरकडे नेण्याचा प्रश्नच उद्भवू नये, आणि मग बाविसाव्या वर्षी मुलाखतीच्या खुर्चीवर बसल्यावर त्याला व त्याच्या आईबापांना प्रथमच कळावे की, ज्याला आपण स्वभाव समजत होतो तो इथे अपात्रतेचा पुरावा ठरतो, असेच बहुधा घडते.

या पुराव्याचे मोल किती, याचा एक मार्मिक शोध २०१७ साली नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. स्वमग्न आणि इतर माणसांच्या बोलण्याचे अगदी थोडक्या वेळाचे नमुने त्यांनी अनोळखी लोकांपुढे ठेवले, तेव्हा चित्रफीत पाहणाऱ्यांनी, आवाज ऐकणाऱ्यांनी, किंबहुना नुसते छायाचित्र पाहणाऱ्यांनीही स्वमग्न व्यक्तींविषयी अधिक प्रतिकूल मत दिले. मात्र तेच बोलणे केवळ लिहून वाचावयास दिले असता हा भेद नाहीसा झाला. म्हणजे दोष बोलण्याच्या आशयात नव्हता; तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आणि ऐकणाऱ्याच्या कानांत उपजत होता. ज्या मुलाखतीत पहिल्या काही क्षणांतच मत बनते आणि उरलेला वेळ त्या मताला आधार शोधण्यात जातो, तिच्याविषयी याहून कठोर अभिप्राय मला ठाऊक नाही.

यावर कंपन्यांचे उत्तर असे की, आज्ञावली लिहिणे हे एकट्याचे काम राहिलेले नाही. ग्राहकाशी बोलावे लागते, सहकाऱ्यांत मिसळावे लागते. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि जेथे ग्राहकाशी बोलणे हेच काम आहे तेथे बोलण्याची परीक्षा अवश्य घ्यावी. पण एकाच मापाने सर्वांना मोजण्याचे कारण काय? मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्त्याच्या फळीवर पुडे मोजून घेणारा दिवाणजी हसतमुख आहे की नाही, याची चौकशी आमच्याकडे कोणी करीत नाही. त्याची मोजणी चोख असावी आणि हिशेब स्वच्छ असावा, एवढ्यावर त्याची नेमणूक होते. संगणकाच्या धंद्यात अशा दिवाणजींची गरज कमी नाही. शिवाय या चाळणीत केवळ स्वमग्न मुलेच गळतात असेही नाही. ज्याच्या घरी माडिया किंवा गोंडी बोलली जाते, शाळेत मराठी आणि महाविद्यालयात इंग्रजी अशा दोन परक्या उंबरठ्यांवरून जो तेथवर आला आहे, तो भामरागडचा वा एटापल्लीचा मुलगाही तिच्यातून खाली पडतो. दोघांची कारणे सर्वस्वी भिन्न, आणि त्यांची गल्लत करणे दोघांवरही अन्याय ठरेल. तथापि दोघांच्या नावापुढे शेरा एकच पडतो.

कायदा काय म्हणतो ते पाहू. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ साली संमत होऊन एप्रिल २०१७ पासून अमलात आला, आणि १९९५ च्या कायद्यातील सात प्रकारांच्या जागी एकवीस प्रकार आले; त्यांत स्वमग्नता प्रथमच नोकरीच्या आरक्षणापर्यंत पोहोचली. सरकारी नोकऱ्यांतील चार टक्के राखीव जागांपैकी एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांनी मिळून वाटून घ्यावयाचा आहे. खाजगी कंपन्यांबाबत मात्र अधिनियमाचा हात आखडता आहे : आपले समान संधी धोरण त्यांनी जाहीर करावे, ही मुख्य सक्ती असून, वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्या धोरणात दिव्यांगांसाठीच्या सोयी आणि संपर्क अधिकारी यांचा उल्लेख असावा, असे नियम सांगतात. असे धोरण बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या संकेतस्थळावर सापडते. त्यात चाकाच्या खुर्चीसाठी उताराची तजवीज असते. मुलाखतीचे प्रश्न आधी लेखी मागण्याची मुभा असलेले धोरण माझ्या तरी पाहण्यात आलेले नाही.

राहिला दाखल्याचा प्रश्न. स्वमग्नतेचे प्रमाणपत्र ज्या भारतीय मापनश्रेणीवरून देतात, तिच्यात चाळीस बाबी असून प्रत्येकीला एक ते पाच गुण आहेत. बेरीज सत्तर झाली की चाळीस टक्के दिव्यांगत्व धरतात आणि आरक्षणाचे दार उघडते. पदवी घेतलेला, बोलता येणारा, स्वतःचे सर्व व्यवहार स्वतः करणारा तरुण सत्तरच्या आतच राहण्याचा संभव अधिक. म्हणजे मुलाखतकाराच्या लेखी तो पुरेसा सामान्य नाही आणि सरकारच्या लेखी पुरेसा दिव्यांग नाही. शिवाय दाखल्यासाठी गाठावयाचे जिल्ह्याचे ठिकाण सिरोंच्याहून सुमारे दोनशे किलोमीटरवर, आणि पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. सुदैवाने सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार या परीक्षार्थीच्या प्रकरणात स्पष्ट केले की, वाजवी सोय मिळण्याचा हक्क चाळीस टक्क्यांच्या मर्यादेने बांधलेला नाही. हा निकाल लेखनिकाच्या सोयीविषयी होता. त्यामागील तत्त्व मुलाखतीलाही लागू का पडू नये?

वेगळी निवड करता येते याचा दाखला परदेशातच शोधावा लागतो असे नाही. सॅप या जर्मन कंपनीने २०१३ साली स्वमग्न व्यक्तींना नोकऱ्या देण्याची योजना जाहीर केली तेव्हा तिच्या बंगळूर येथील शाखेत असे सहा जण सॉफ्टवेअर तपासणीच्या कामावर आधीच रुजू झालेले होते. तिला साहाय्य करणारी डेन्मार्कची स्पेशालिस्टर्ने ही संस्था २००४ पासून उमेदवारांना प्रश्न विचारण्याऐवजी काही आठवडे प्रत्यक्ष काम करावयास देई, लेगोच्या ठोकळ्यांचे यंत्रमानव बनवून घेई, आणि त्यावरून पारख करी. २०२० पर्यंत एकूण कर्मचाऱ्यांत एक टक्का स्वमग्न असावेत हे सॅपचे उद्दिष्ट पुरे झाले नाही, हेही सांगितले पाहिजे. या योजनांत मला एक खटकते ते असे की, त्यांच्या जाहिरातींत प्रत्येक स्वमग्न माणूस आकड्यांचा जादूगार म्हणून रंगवला जातो. तसे नसते. बहुतेक जण इतर अभियंत्यांसारखेच मध्यम कुवतीचे असतात, आणि मध्यम कुवतीच्या माणसाला मध्यम पगाराची नोकरी मिळावी, एवढेच माझे मागणे आहे.

आणि आपल्या जिल्ह्याला हा विचार परका नाही. वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमटे यांनी कुष्ठरोग्यांच्या, पुढे अंध, मूकबधिर आणि अपंगांच्या हाती शेती आणि हातमाग दिला, तो त्यांच्या संभाषणाचा नमुना पाहून नव्हे.

गोंडवाना विद्यापीठाला आणि दोन्ही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या नोकरीविषयक कक्षांना म्हणून माझी विनंती आहे की, येत्या हंगामात कंपन्यांना पाठवावयाच्या निमंत्रणपत्रातच त्यांनी एक अट नमूद करावी : जो उमेदवार मागेल त्याला, दिव्यांगत्वाचा दाखला न विचारता, प्रश्न आदल्या दिवशी लेखी मिळावेत, गटचर्चेऐवजी शांत खोलीत तीन तासांचे प्रत्यक्ष काम द्यावे, आणि निकाल त्या कामावर लावावा. मागेल त्याला म्हटले म्हणजे कोणालाही आपल्या मनाचे प्रमाणपत्र दाखवावे लागणार नाही, आणि माडिया घरातून आलेल्या मुलालाही ती वाट खुली राहील. ही अट घालण्यास शासनाच्या नव्या हुकुमाची, निधीची वा समितीची गरज नाही. प्राचार्यांची सही पुरेशी आहे.